क्षयाचा जिवाणू आणि पेशीतले स्विच

अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन

इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरानं जीवशास्त्रावर लेख लिहावा, हे पाहून काही जण हसतील. आकृत्या काढायचा कंटाळा म्हणून ज्यानं बारावीत बायोलॉजी सोडली, तो आता आपल्याला पेशी शिकवणार! पण हा विषय मी निवडलेला नाही. तो आमच्या रूमवर चालत आला, तीन कॉटच्या खोलीत, खिडकीकडच्या कॉटवर.

माझा रूममेट लाखांदूर तालुक्यातला. दिवाळीची सुट्टी संपवून आला तो खोकतच. "घरी धानाचं चुरणं होतं, धूळ गेली असन छातीत," असं तोच म्हणाला आणि आम्हालाही ते पटलं. मेडिकलमधून आणलेल्या खोकल्याच्या तीन बाटल्या संपल्या. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, रात्री बनियन घामानं भिजायचं, पट्टा दोन भोकं आत गेला. सबमिशन चालू होतं, त्यामुळे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी फोनवर त्याचा खोकला ऐकून त्याची माय कडाडली, "सरकारी दवाखान्यात जाऊन थुका तपासून ये, नाही त मीच येतो तिकडं!" तपासणी झाली. क्षय निघाला. टीबी.

त्यानंतरचे पंधरा दिवस आम्हा हॉस्टेलवाल्यांना शोभणारे नव्हते. मेसमध्ये त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी राहू लागली. कुणीतरी त्याच्या ताटाच्या मागे लाल पेंटनं फुली मारली. मीही दोन रात्री उशी पायथ्याकडे घेऊन झोपलो, लपवत नाही. क्षय ताटातून पसरत नाही, खोकल्यातून हवेत उडालेल्या बारीक थेंबांतून पसरतो. योग्य औषध सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत त्याच्यापासून इतरांना असलेला धोका बराच उतरतो. एवढंसुद्धा आम्हा होऊ घातलेल्या इंजिनिअरांना ठाऊक नव्हतं. खोलीतल्या आम्हा दोघांचीही तपासणी झाली, काही निघालं नाही.

खरी गोष्ट सुरू झाली फेब्रुवारीत. गोळ्यांना दोन महिने झाले होते. खोकला गेला, ताप गेला, पट्टा परत पहिल्या भोकावर आला. एका रात्री तो म्हणाला, "अबे, मी आता ठणठणीत आहो. रोज मळमळते, लघवी केशरी होते. काहून खात बसू चार महिने?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "डॉक्टरनं सांगितलं म्हणून" हे आमच्या वयात उत्तर धरत नाहीत. माझी ताई नागपूरला मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करते. तिला फोन लावला. ती म्हणाली, "तो बरा दिसतोय ते ठीक. त्याच्या रक्तातल्या पेशी काय म्हणतात ते आधी वाच, मग त्याच्याशी भांड." तिनं दिलेलं वाचायला मला तीन आठवडे लागले. त्यातलं जे समजलं ते इथे देतो.

आपल्या फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात, तीस कोटींच्याही वर. त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्या आत मॅक्रोफेज नावाच्या पेशी गस्त घालतात. नावाचा अर्थच मुळी मोठा खादाड. धूळ, धूर, जंतू, जे आत येईल ते गिळून पचवायचं, हे तिचं काम. बहुतेक जंतू तिच्या पोटात संपतात. पण बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखनं जो जिवाणू जगाला दाखवला, तो या खादाडाच्या पोटातच संसार थाटतो. न्युमोनियाचा न्युमोकोकस घाईचा, काही दिवसांत सोक्षमोक्ष लावणारा. क्षयाचा जिवाणू निवांत. एकाचे दोन व्हायला त्याला अठरा ते चोवीस तास लागतात. आतड्यातला ई. कोलाय हेच काम चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत उरकतो. एवढ्या संथ प्राण्याला टिकायचं असेल तर घरमालकाला झोपवून ठेवणं भाग आहे. ते तो कसं करतो, हाच आजचा धडा.

आधी थोडी पूर्वतयारी. आपल्या बहुतेक सर्व पेशींत तोच एक डीएनए असतो, सुमारे वीस हजार प्रथिनांची जनुकं त्यावर लिहिलेली. डोळ्याच्या पेशीत तीच, यकृताच्या पेशीत तीच. फरक इतकाच की कुठल्या पेशीत कुठली जनुकं वाचली जातात. ईटीसीवाल्यांसाठी सोपं करून सांगतो. एकाच रॉममध्ये सगळे प्रोग्राम आहेत. कुठला चालणार ते चिप सिलेक्ट आणि आउटपुट एनेबल या पिनांवर ठरतं. रॉममधला एकही बिट न बदलता नुसत्या या पिना ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळं मशीन.

पेशीतल्या या पिना म्हणजे काय? एका पेशीतला डीएनए ताणला तर सुमारे दोन मीटर भरतो आणि तो काही मायक्रॉनच्या केंद्रकात बसवायचा असतो. म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळावर १४७ अक्षरं, दोन वेढ्यांना थोडं कमी. रीळ घट्ट असेल तर तिथलं जनुक वाचता येत नाही, सैल असेल तर येतं. रिळावर ॲसिटिल गट चिकटला की ते साधारणपणे सैल होतं, काढून घेतला की आवळतं. मिथिल गटाचं काम जागेवर अवलंबून आहे, कुठे चालू करतो, कुठे बंद. डीएनएच्या अक्षरांवरही मिथिल बसतो आणि तो बहुधा शांत करणारा. अक्षरं तीच, वरच्या खुणा वेगळ्या. जनुकांचं नियमन म्हणतात ते बरंचसं या खुणांवर चालतं.

आता जिवाणू आत आला की काय व्हायला हवं ते पाहू. मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर टीएलआर नावाचे सेन्सर असतात. जिवाणूच्या भिंतीतली चरबीयुक्त प्रथिनं त्यांना लागली की आत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन सुटतं. एरवी ते बांधून ठेवलेलं असतं. सुटलं की केंद्रकात शिरतं आणि काही तासांत शेकडो जनुकं चालू होतात. त्यांतून टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ असे निरोप बाहेर पडतात. हे निरोप मेंदूपर्यंत पोचले की ताप येतो. टीएनएफची गंमत अशी की शरीर झिजवणारं एक प्रथिन शास्त्रज्ञांनी वेगळं शोधून त्याला कॅकेक्टिन नाव दिलं होतं. १९८५ मध्ये कळलं की दोन्ही एकच. म्हणजे माझ्या रूममेटचा संध्याकाळचा ताप आणि पट्ट्याची ती दोन भोकं, हा बराचसा त्याच्या स्वतःच्या जनुकांचा आउटपुट होता.

मग एवढी फौज जागी होऊनही जिवाणू मरत का नाही? एक उत्तर जुनं आहे. मॅक्रोफेजनं गिळलेली पिशवी आम्लाच्या पिशवीला जोडली जायला हवी, ती जोडणीच तो होऊ देत नाही. दुसरं उत्तर पिनांचं आहे आणि मला ते जास्त आवडलं.

मॅक्रोफेजनं गिळलेल्या जिवाणूचे तुकडे स्वतःच्या अंगावर टांगून टी पेशींना दाखवायचे असतात. "बघा, माझ्या पोटात हा आहे." टी पेशी ते ओळखतात आणि इंटरफेरॉन-गॅमा सोडून मॅक्रोफेजला मारण्याचा हुकूम देतात. तुकडे टांगायचे हुक बनवणाऱ्या जनुकांचा एक मुख्य स्विच आहे, सी-टू-टीए. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की जिवाणूच्या भिंतीतलं १९ किलोडाल्टनचं एक प्रथिन सेन्सरला दीर्घकाळ दाबून ठेवतं आणि त्यामुळे या स्विचजवळच्या रिळांवर ॲसिटिल गट बसेनासे होतात. इंटरफेरॉनचा हुकूम आला तरी स्विच नीट चालू होत नाही. हुक कमी, तुकडे कमी, टी पेशीला पत्ता नाही. बेल दाबून दाबून शेवटी घरच्यांनी बेलकडे दुर्लक्ष करावं, तसा काहीसा प्रकार.

यावरही कडी केली ती आपल्याच देशातल्या एका शोधानं. हैदराबादच्या सीडीएफडी या संस्थेत संजीव खोसला आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये क्षयाच्या जिवाणूच्या एका प्रथिनाचं काम उघड केलं. त्याचं नाव आरव्ही १९८८. हे साल नाही बरं का, जनुकाचा क्रमांक आहे, रोल नंबरच म्हणा. या जिवाणूची सगळी ४४ लाख अक्षरं १९९८ मध्ये वाचून झाली तेव्हा सुमारे चार हजार जनुकांना असे नंबर मिळाले. तर हे प्रथिन जिवाणूतून बाहेर पडतं, मॅक्रोफेजच्या केंद्रकात जातं आणि तिथल्या हिस्टोनवर स्वतः मिथिल गट बसवतं! बाहेरून बेल दाबणं वेगळं आणि घरात शिरून फ्यूज बोर्डावर हात घालणं वेगळं.

मिथिल बसवतो तो तरी कुठे? नेहमीच्या खुणा रिळाच्या बाहेर लोंबणाऱ्या शेपटीवर असतात. हा पाहुणा एच-३ या हिस्टोनच्या ४२ व्या जागेवरच्या आर्जिनिनला धरतो. ही जागा शेपटीवर नाही. डीएनएचा दोरा रिळावर जिथून चढतो आणि जिथून उतरतो, नेमकी तिथे आहे. आपल्यापैकी कुणी मोटर वाइंडिंगचं प्रॅक्टिकल मन लावून केलं असेल तर त्याला या जागेचं मोल चटकन कळेल. तिथे खूण पडली की काही जनुकं दबतात. कुठली? ऑक्सिजनचे आणि नायट्रोजनचे जहाल रेणू बनवून जंतूला जाळायची जनुकं. म्हणजे पहिल्या फळीचीच हत्यारं. हे जनुक काढून टाकलेला क्षयाचा जिवाणू शरीरात कमी तग धरतो. उलट, त्याच्या एका निरुपद्रवी जातभाईला हे प्रथिन बनवायला लावलं, तर त्याची लागण झालेल्या उंदरांची तब्येत बिघडली. हे वाचून मी रात्री एक वाजता रूममेटला उठवलं. त्यानं शिवी दिली आणि कूस बदलली.

इथे एक गैरसमज माझा झाला होता, तो तुमचा होऊ नये. मला वाटलं सगळ्या खुणा जिवाणूच करतो. तसं नाही. मॉन्ट्रियलमध्ये लुई बरेरो यांच्या गटानं निरोगी माणसांच्या रक्तापासून डेंड्रिटिक पेशी तयार केल्या, या पेशी म्हणजे मॅक्रोफेजच्या चुलत बहिणी. त्यांना जिवंत क्षयाचे जिवाणू दिले. डीएनएवरच्या हजारो जागांचे मिथिल बदललेले दिसले, बहुतेक ठिकाणी गळून गेलेले, आणि तेही पेशी विभागलेली नसताना. हे २०१५ चं. सगळ्यांना वाटलं, खूण गळली म्हणून जनुक चालू झालं. पण याच विषयावर २०१९ मध्ये त्यांनी तासांचा हिशेब लावला तेव्हा बऱ्याच ठिकाणी उलटा क्रम निघाला: जनुक आधी चालू झालं, मिथिल नंतर गळला. म्हणजे ती खूण स्विच कमी आणि स्विच दाबल्याची नोंद जास्त. मला हा निकाल फार भावला. लॅबमध्ये कारण आणि परिणाम यांची अदलाबदल आपण दर सेमिस्टरला करतो, फक्त आपली कुणी छापत नाही.

त्याच गटानं २०१२ मध्ये साठाहून अधिक माणसांच्या पेशी घेऊन पाहिलं, तर एकाच जिवाणूला प्रत्येकाची जनुकं कमी-जास्त उत्तर देतात. त्यातला काही फरक जन्मतः आलेल्या अक्षरांमुळे असतो. एका खोलीत तिघं एकच हवा ओढतो आणि एकच आजारी पडतो, त्यामागे हेही एक कारण. जिवाणू शिरलेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी क्षयरोग होतो. बाकीच्यांत तो दबून राहतो किंवा संपतो. तरीही जगातल्या दर चार रुग्णांमागे एक भारतात आहे, कारण आपल्याकडे तोल बिघडवायला बाकी गोष्टी हजर आहेत. कुपोषण, मधुमेह, कोंदट खोल्या, धूर. आपल्या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या बिडी वळली गेली आणि ओढलीही गेली. तो धूर रोज गिळणारी मॅक्रोफेज आधीच दमलेली असते. दगड फोडण्याची, वाळूची बारीक सिलिका धूळ तर या पेशींना थेट मारते, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोका कित्येक पट वाढतो. हॉस्टेलच्या मागच्या भिंतीशी रात्री अकराला जमणाऱ्या मंडळींनी यातलं आपलं आपण पाहावं.

आता रूममेटच्या प्रश्नाकडे. लंडनच्या ॲन ओ'गारा यांच्या गटानं २०१० मध्ये क्षयरोग्यांच्या रक्तातली जनुकं वाचली. कुठली जनुकं किती चालू आहेत याचा ३९३ नोंदींचा एक ठसा त्यांना सापडला. त्यात इंटरफेरॉननं चालू होणारी जनुकं उठून दिसत होती, तीही मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत. त्यांनी उपचार सुरू झालेल्या रुग्णांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. दोन महिन्यांनी ठसा ओसरला होता, पुसला गेला नव्हता. बारा महिन्यांनी तो पूर्ण विझला.

दोन महिने म्हणजे नेमका आमचा फेब्रुवारी! मी हा आलेख त्याच्या ड्रॉइंग शीटच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं काढून भिंतीला लावला. ताईनं मात्र मला टोकलं. ती म्हणाली, "ठसा म्हणजे शिल्लक जिवाणूंची मोजणी नव्हे, शरीर अजून लढाईच्या मोडमध्ये आहे एवढंच तो सांगतो. सहा महिने गोळ्या घ्यायच्या त्या सुस्त पडलेल्या, न वाढणाऱ्या जिवाणूंसाठी. पहिल्या दोन महिन्यांत जोरात वाढणारे मरतात, म्हणून बरं वाटतं. मागे राहतात ते चिवट." दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कबूल. पण दोन्हीचं म्हणणं एकच होतं: बरं वाटणं हे मीटर इथे चालत नाही.

केशरी लघवीचा खुलासाही याच विषयात निघाला. तो रंग रिफाम्पिसिनचा. हे औषध जिवाणूचं जनुकं वाचायचं यंत्रच जाम करतं, आरएनए पॉलिमरेज नावाचं. तो आपल्या पेशीत जनुकांचं वाचन बिघडवतो, आपण त्याच्यात बिघडवतो. फिट्टंफाट. अर्धवट गोळ्या घेतल्या की ज्या थोड्या जिवाणूंत या यंत्राचं जनुक योगायोगानं बदललेलं असतं, तेच मागे उरून वाढतात. हे बदल बहुतेक वेळा ८१ अक्षरांच्या एका छोट्या पट्ट्यात असतात, म्हणून ते शोधणंही सोपं. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे छोटं, बॅटरीवर चालणारं यंत्र हेच ओळखतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. आणि औषधांना न जुमानणारा क्षय कुठवर जातो ते पाहायला लांब जायला नको. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस असे चार रुग्ण नोंदवले, ज्यांच्या जिवाणूवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. ते सगळं वाचताना रूममेट गप्प होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेताना त्यानं मला दाखवून घेतली, रागानं.

जाता जाता डाव्या दंडावरच्या त्या व्रणाविषयी. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर बीसीजीची खूण आहे. काल्मेत आणि गेराँ यांनी १९०८ पासून तेरा वर्षं, २३० वेळा गाईच्या क्षयाचा जिवाणू नव्या खाद्यावर वाढवून त्याला दुबळा केला. १९२१ मध्ये ती लस पहिल्यांदा माणसाला दिली. भारतात ती १९४८ ला आली. लहान मुलांच्या मेंदूच्या क्षयापासून ती चांगली वाचवते, पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाविरुद्ध तामिळनाडूतल्या चिंगलपेटच्या प्रचंड चाचणीत ती तोकडी पडली. तरी तिची एक नवीच करामत २०१२ मध्ये नेदरलँडच्या नायमेखनमध्ये दिसली. लस घेतलेल्यांच्या मोनोसाइट पेशी तीन महिन्यांनंतरही इतर जंतूंना जास्त जोरात उत्तर देत होत्या, आणि त्यांच्या हिस्टोनवर जनुक चालू ठेवणाऱ्या मिथिल खुणा वाढल्या होत्या. पण मोनोसाइट तर रक्तात काही दिवसच जगते, मग आठवण राहते कुठे? कॅनडात उंदरांवर २०१८ मध्ये उत्तर मिळालं: अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत. तिथेच शिकवण होते, आणि पुढे जन्मणाऱ्या पेशी ती घेऊनच येतात. त्याच गटानं २०२० मध्ये दुसरी बाजू दाखवली. खराखुरा क्षयाचा जिवाणूही त्या मूळ पेशींपर्यंत पोचतो, पण उलटी शिकवण देतो. त्यातून येणारे मॅक्रोफेज कमी पडतात. उंदरातलं माणसात जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण लस आणि रोग दोघांचीही नजर एकाच फ्यूज बोर्डावर आहे, हे वाचून मी माझ्या दंडाकडे जरा आदरानं पाहिलं.

बाकी वर्ष साधंच गेलं. निक्षय योजनेतून दरमहा हजार रुपये येत होते (नोव्हेंबर २०२४ पूर्वी पाचशे होते), त्याची तो मेसबाहेर अंडी खायचा आणि आम्हाला एकही द्यायचा नाही. उन्हाळी परीक्षा त्यानं गोळ्या घेतच दिली, एक विषय राहिला. जूनमध्ये शेवटची गोळी झाली. थुंकी स्वच्छ आली. एक्स-रेमध्ये मात्र उजवीकडे वर एक पांढरी रेघ होती. ती पाहून त्याचा चेहरा उतरला. "हे का बे? आहेच अजून?" ती जुन्या जखमेची खूण आहे, रोग नाही, असं दवाखान्यात सांगितलं तेव्हा त्यानं तो एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरून आम्हा दोघांना दाखवला, मग पेटीत ठेवून दिला.

लाल फुलीचं ते ताट मेसच्या रॅकमध्ये आहे अजून. फर्स्ट इयरची पोरं त्यात जेवतात. परवा एकानं विचारलं, ही फुली कशाची? मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात रूममेटच म्हणाला, "माझं होतं ते. जेव तू, भात थंडा होऊन रायला."